गीतलेखनाच्या पहिल्या वर्षाचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्षापूर्वी तुम्ही नोकरी अर्धवेळ करून घेतलीत आणि उरलेला वेळ गीतलेखनाला दिलात. या बारा महिन्यांत ३८ गाणी लिहून झाली, सहा संगीतकारांबरोबर काम झाले, चार गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि त्यांतली दोन प्रसिद्ध झाली. त्या दोनांपैकी एका गाण्यावर गीतकार म्हणून तुमचे नावच नाही. मिळालेल्या मानधनात दोन महिन्यांचा घरखर्चही भागला नसता. हे वर्ष वाया गेले असे समजावे का, पुढच्या वर्षी शंभर गाण्यांचे लक्ष्य ठेवून वेग वाढवावा का, आणि नोकरी पूर्णपणे सोडण्याची वेळ आली आहे का, असे तुम्ही विचारले आहे. सोबत तीन गाण्यांचे पहिले आणि शेवटचे खर्डे पाठवले आहेत. ते पाठवलेत हे फार चांगले झाले, कारण माझे बरेचसे उत्तर त्या खर्ड्यांवरच बेतलेले आहे.

मी गेली २२ वर्षे गीतलेखन करते आणि त्यांतली पहिली सहा वर्षे नोकरी सांभाळून केली आहेत, म्हणून तुमच्या पत्रातला थकवा मला ओळखीचा वाटला. वर्ष वाया गेलेले नाही, हे आधीच सांगून टाकते. मात्र ज्या आकड्यांवरून तुम्ही ते जोखत आहात, त्यांतले बहुतेक आकडे तुमच्या हातात नव्हतेच. गाणे ध्वनिमुद्रित होणे हे निर्मात्याच्या पैशांवर, गायकाच्या तारखांवर आणि प्रकल्प पुढे ढकलला गेला की नाही यावर अवलंबून असते. चांगली लिहिलेली गाणी वर्षानुवर्षे पडून राहतात आणि घाईत लिहिलेले एखादे गाणे महिन्याभरात बाहेर येते. तुमच्या हातात होता तो एका गाण्याचा पहिल्या खर्ड्यापासून शेवटच्या खर्ड्यापर्यंतचा प्रवास, आणि तुमच्या कागदांतली मला काळजी वाटणारी गोष्ट तिथेच आहे. तीन गाण्यांच्या मिळून ५४ ओळी आहेत, आणि दोन खर्ड्यांमध्ये सगळा मिळून पाच शब्दांचा फरक आहे. तुमच्याकडे शब्द आहेत, लय आहे, सांगण्यासारखेही आहे. गेल्या वर्षात जे कमी पडले आहे ते पुनर्लेखन.

पुनर्लेखन म्हणजे मला काय अभिप्रेत आहे, हे माझ्याच पहिल्या वर्षातल्या एका ओळीवरून सांगते. एका संगीतकारांनी चाल आधी बांधली होती. ताल रूपक, म्हणजे सात मात्रांचा, तीन-दोन-दोन अशा विभागांचा. ‘ना ना ना’ असे डमी शब्द गाऊन त्यांनी ती चाल मला दिली होती. प्रसंग असा होता, की दिवस मावळला तरी मुलगी परतलेली नाही आणि आई दारात उभी आहे. मी मुखड्याची, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या ध्रुवपदाची, ओळ लिहिली:

सांज झाली, वाट निजली, तू न आली

मीटर चोख बसले होते. ‘सांज’ तीन मात्रांत, ‘झा’ दोन, ‘ली’ दोन. ‘वाट’ तीन, ‘निज’ दोन, ‘ली’ दोन. ‘तू न’ तीन, ‘आ’ दोन, ‘ली’ दोन. तीन तुकडे, तालाची तीन आवर्तने म्हणजे तीन पूर्ण फेरे, आणि तिन्हींच्या शेवटी यमक. आता यात बदलण्यासारखे काही उरले नाही, असे मला मनापासून वाटत होते. ध्वनिमुद्रणाआधीच्या बैठकीत गायिकेने ओळ गायला घेतली आणि ती शेवटच्या ‘ली’वर अडली. त्या तुकड्यात चाल चौथ्या मात्रेवर तार षड्जाला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘सा’ला, जाते आणि पुढचे अख्खे आवर्तन तिथेच स्थिरावते. म्हणजे सगळ्यात उंच आणि सगळ्यात लांब स्वर मी ‘ई’वर ठेवला होता. “ताई, इथे तोंड उघडायला जागा द्या,” एवढेच ती म्हणाली.

यामागे केवळ गायिकेची सवय नव्हती. आपण ‘ई’ किंवा ‘ऊ’ उच्चारतो तेव्हा घसा आणि तोंड यांच्या पोकळीचा पहिला अनुनाद साधारण ३०० हर्ट्झच्या आसपास असतो, तर ‘आ’ उच्चारताना तो ७०० हर्ट्झच्या वर जातो. स्त्रीचा आवाज तार सप्तकात ५०० हर्ट्झच्या पुढे गेला, की ‘ई’ला त्या अनुनादाचा आधार मिळत नाही. मग गायिकेला एकतर जबडा उघडून ‘ई’चा ‘ए’ करावा लागतो, किंवा स्वर आवळून काढावा लागतो. कागदावर ‘आली’ आणि ‘आला’ यांचे वजन सारखे असते, पण गळ्याला ते सारखे नसते. हे मला कोणी आधी सांगितले नव्हते, आणि ओळ गाऊन घेतली नसती तर कळलेही नसते.

दुसरा दोष संगीतकारांनी दाखवला. मराठीत आपण ‘तू आली नाहीस’ म्हणतो, फार तर ‘तू न आलीस’ म्हणू. तो ‘स’ मी मात्रा वाचवण्यासाठी खाल्ला होता, आणि त्यामुळे दारात उभी असलेली आई परक्या भाषेत बोलल्यासारखी वाटत होती. तिसरा दोष मात्र मला माझाच, रात्री उशिरा, चाल नुसती ऐकत बसले असताना सापडला. तार षड्जावर जाऊन स्थिरावणारा तो स्वर म्हणजे हाक होती. चाल हाक मारत होती, आणि माझ्या ओळीतली आई मात्र मुलगी आली नाही याची नोंद करत होती. अकरा पर्याय लिहून झाल्यावर ओळ अशी झाली:

सांज झाली, वाट निजली, ये घरा

‘ये घ’ या तीन मात्रा आणि ‘रा’ला उरलेल्या चारही, म्हणजे चाल वर जाते नेमकी त्याच क्षणी गायिकेला मोकळा ‘आ’ मिळतो. तिसऱ्या तुकड्याचे यमक गेले, आणि ते गेल्याचे आजवर कोणाच्या लक्षात आलेले नाही. या एका ओळीने मला जे शिकवले ते त्या वर्षातल्या इतर पन्नासेक गाण्यांनी मिळून शिकवले नाही, असे मी अतिशयोक्ती न करता म्हणू शकते.

आता तुमच्या गाण्यांकडे येते. तिन्ही गाण्यांचे मुखडे चांगले आहेत, दुसऱ्या गाण्याचा तर फारच. पहिला अंतरा, म्हणजे पहिले कडवे, मुखड्याला साजेसा आहे. दुसऱ्या अंतऱ्यात मात्र तिन्ही ठिकाणी तेच घडते: पहिल्या अंतऱ्यातले म्हणणे वेगळ्या प्रतिमांत पुन्हा येते. पाऊस होता तिथे धुके येते, वाट होती तिथे किनारा येतो, पण बोलणारी व्यक्ती जिथे उभी होती तिथेच उभी राहते. हा दोष सुरुवातीच्या जवळजवळ प्रत्येक गीतकारात दिसतो आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. मुखडा सुचतो, पहिला अंतरा त्याच झपाट्यात होतो, आणि दुसरा अंतरा चालीत जागा आहे म्हणून भरला जातो. दुसऱ्या अंतऱ्यात काहीतरी सरकले पाहिजे. काळ पुढे जावा, किंवा बोलणारीची जागा बदलावी, किंवा जिला उद्देशून गाणे आहे तिच्याविषयी आपल्याला आतापर्यंत ठाऊक नसलेले काही कळावे. मग तिसऱ्यांदा तोच मुखडा येतो तेव्हा शब्द तेच असूनही अर्थ पुढे गेलेला असतो. मी स्वतः एक साधी तपासणी करते. दोन्ही अंतऱ्यांची अदलाबदल करून गाणे वाचते. काहीच बिघडले नाही, तर दुसरा अंतरा अजून लिहायचा आहे असे समजते. तुमची तिन्ही गाणी मी अशी वाचून पाहिली, आणि तिन्हींत काही बिघडले नाही.

म्हणून पहिली सूचना अशी, की पुढचे दोन महिने नवे गाणे लिहू नका. ३८ गाण्यांची वही काढा आणि प्रत्येक गाण्याच्या माथ्यावर एका ओळीत लिहा: कोण बोलत आहे, कोणाशी, आणि आजच का. ज्या गाण्यांच्या बाबतीत ही ओळ लिहिता येणार नाही, ती बाजूला ठेवा. तीस बाजूला गेली तरी घाबरू नका. उरलेल्यांपैकी तीन निवडा आणि ती मुळापासून पुन्हा लिहा, दरवेळी कोणाकडून तरी गाऊन घेऊन. गाणारा मोठा कलावंत असण्याची गरज नाही, त्याने ते तुमच्यासमोर मोठ्याने गायले पाहिजे एवढेच. ‘आणि’, ‘तर’, ‘की’ यांसारखे शब्द समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन विनाकारण ठसठशीत झाले आहेत का, श्वास घ्यायला जागा आहे का, ‘प’, ‘फ’, ‘भ’ असे वारा सोडणारे वर्ण एकापाठोपाठ येऊन माईकवर आदळत आहेत का, हे डोळ्यांना दिसत नाही, ते कानालाच कळते.

यावरून शंभर गाण्यांविषयीचे माझे मत तुमच्या लक्षात आले असेल. रोज एक गाणे लिहा हा सल्ला ज्यांना लिहायला सुरुवातच होत नाही त्यांच्यासाठी उपयोगी आहे, कारण त्यामुळे कोऱ्या कागदाची भीती जाते. तुम्हाला ती भीती नाही. तुम्हाला सुचते, लवकर सुचते, आणि सुचलेले पहिल्याच फटक्यात बऱ्यापैकी जमते. ज्यांना असे जमते त्यांच्यासाठी वेग वाढवणे धोक्याचे असते, कारण मग बऱ्यापैकी जमलेलीच शंभर गाणी तयार होतात. पुढच्या वर्षी वीस गाणी लिहा, प्रत्येकाचे किमान चार खर्डे होऊ द्या, आणि त्यांतली निदान आठ तयार चालीवर लिहा. तुमच्या पत्रावरून दिसते, की आतापर्यंत तुम्ही बहुतेक वेळा शब्द आधी दिले आणि संगीतकारांनी त्यांना चाल लावली. त्यात आनंद आहेच, पण चालीवर शब्द लिहिताना जी शिस्त अंगी लागते ती दुसऱ्या कोणत्याही मार्गाने लागत नाही. चालीचा खटका, म्हणजे झटक्यात घेतलेली स्वरांची जागा, कुठे आहे, कुठे ती थांबते, कुठे प्रश्न विचारल्यासारखी अधांतरी राहते, हे आधी ऐकावे लागते आणि मग त्या जागेवर शोभेल असे म्हणणे शोधावे लागते. धंद्यात येणारे बरेचसे कामही असेच, चाल आधी आणि शब्द मागाहून, या क्रमाने येते.

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, आणि माझ्या दृष्टीने साऱ्या वर्षातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. सहा संगीतकारांपैकी दोघांनी तुम्हाला पुन्हा बोलावले. पहिल्यांदा बोलावणे हे ओळखीने, कुतूहलाने, कधी दुसरे कोणी उपलब्ध नव्हते म्हणूनही येते. दुसऱ्यांदा बोलावणे केवळ कामावर येते. त्या दोघांना तुमच्यात काय उपयोगी वाटले, हे शक्य असेल तर त्यांनाच विचारा. बहुतेकदा उत्तर प्रतिभेविषयी नसते. दिलेल्या दिवशी शब्द आले, बैठकीत एक शब्द बदलायला सांगितला तर वाद न घालता तीन पर्याय निघाले, कागद स्वच्छ होता, अशी उत्तरे मिळतात. मी आजही मुखड्याचे निदान तीन पर्याय घेऊन बैठकीला जाते, आणि कागदावर श्वासाच्या जागा व चालीतले खटके पेन्सिलीने खुणा करून नेते, त्यामुळे गायकाला पहिल्या वाचनातच ओळ कशी तोडायची ते कळते. ज्या चौघांनी पुन्हा बोलावले नाही त्यांच्याविषयी मनात काही ठेवू नका. वर्षभरानंतर त्यांच्यापैकी एखाद्याचा फोन येतो, हे मी अनेकदा अनुभवले आहे.

उत्पन्नाविषयी थोडे तपशिलात लिहिते, कारण पहिल्या वर्षाच्या उत्पन्नावरून काढलेला निष्कर्ष जवळजवळ नेहमीच चुकीचा असतो. गाणे म्हणजे हक्कांच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू असतात. एक म्हणजे रचना, म्हणजे शब्द आणि चाल, आणि ती गीतकाराची व संगीतकाराची असते. दुसरी म्हणजे त्या रचनेचे ध्वनिमुद्रण, जे सामान्यतः त्यावर पैसा घालणाऱ्याच्या मालकीचे असते. तुम्हाला मिळालेले मानधन हे लिहिण्याच्या कामाचे होते. रचनेच्या वापराची रॉयल्टी ही त्याहून निराळी असते, आणि ती हक्क-संस्थांमार्फत गोळा होऊन वाटली जाते. वापर झाल्यापासून पैसे हातात येईपर्यंत सहा महिने ते वर्ष सहज जाते, आणि वापर परदेशात झाला असेल तर त्याहूनही अधिक. म्हणजे तुमच्या दोन प्रसिद्ध गाण्यांची रॉयल्टी, ती मिळायची असेल तर, या वर्षाच्या हिशेबात दिसणे शक्यच नव्हते. ध्वनिमुद्रणाच्या बाजूलाही उंबरठे आहेत. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय एक ऐकणे धरले जात नाही, आणि २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला त्या बाजूची रॉयल्टीच मिळत नाही. नव्या माणसाच्या पहिल्या गाण्यांचे शून्य उत्पन्न म्हणजे गाणे वाईट असल्याचा पुरावा नव्हे, एवढे त्यातून समजावे.

ही रॉयल्टीची व्यवस्था उभी राहिली ती एका गीतकारामुळेच, हे मला नेहमी बळ देते. १८४७ साली पॅरिसमध्ये शाँझेलिझेवरच्या एका कॅफेत एर्नेस्ट बूर्झे हा गीतकार आपल्या दोन संगीतकार मित्रांसह बसला होता, आणि तिथले कलावंत त्यांच्याच रचना सादर करत होते. तुम्ही आमच्या गाण्यांचे पैसे देत नाही, तर आम्हीही तुमच्या पेयांचे पैसे देणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. प्रकरण न्यायालयात गेले, निकाल रचनाकारांच्या बाजूने लागला, आणि १८५१ साली सासेम ही हक्क-संस्था स्थापन झाली. आज जगभर अशा संस्था आहेत. तुम्ही अजून कोणत्याही हक्क-संस्थेचे सभासद नाही, असे पत्रावरून दिसते. सभासद व्हा आणि चारही ध्वनिमुद्रित गाण्यांची नोंद करा. नोंद झालेल्या रचनेला आयएसडब्ल्यूसी हा क्रमांक मिळतो, तो ‘टी’ या अक्षराने सुरू होतो आणि त्यापुढे दहा अंक असतात. ध्वनिमुद्रणाचा आयएसआरसी हा बारा वर्णांचा क्रमांक वेगळा असतो. हे दोन्ही क्रमांक एकमेकांशी जोडलेले नसले, की गाणे वाजते पण पैसे कोणाचे ते यंत्रणेला कळत नाही, आणि रचनाकाराचा वाटा वाटपाविना पडून राहतो.

नोकरी सोडण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे: इतक्यात सोडू नका. मी नोकरी सोडली ती सलग दोन वर्षे लेखनाच्या उत्पन्नात घरखर्च भागल्यावर, आणि वर्षभर काहीच मिळाले नाही तरी चालेल एवढी शिल्लक हाताशी असताना. हा नियम सर्वांना लागू पडेल असे नाही, पण उपजीविकेची धास्ती गाण्यात उतरते हे मी स्वतःच्या आणि इतरांच्या बाबतीत पाहिले आहे. धास्तावलेला गीतकार वाईट करारावर सही करतो, न पटणारा बदल मान्य करतो, आणि ज्या ओळीवर अजून तीन दिवस द्यायला हवेत ती दुपारीच पाठवून देतो. अर्धवेळ नोकरीने तुम्हाला ते तीन दिवस दिले आहेत. उत्पन्न वाढवायचेच असेल, तर गीतलेखनाच्याच शेजारची कामे शोधा. जाहिरातींची जिंगल्स, कार्यक्रमांची शीर्षकगीते, मुलांसाठीची गाणी, नाटकांसाठीची पदे आणि डबिंगसाठी गाण्यांचे मराठी शब्द ही कामे मानधनावर मिळतात आणि कसब वाढवतात. त्यांतले डबिंगचे काम मला विशेष आवडते. पडद्यावरच्या माणसाचे ओठ मिटतात त्या ठिकाणी ‘प’, ‘ब’, ‘म’ यांपैकी वर्ण यावा लागतो, ओठ उघडे असतात तिथे तो चालत नाही, आणि हे सारे चालीत बसवून वर अर्थही सांभाळायचा असतो. असे एक गाणे पुरे केल्यावर स्वतःच्या गाण्यातला एखादा हट्टी शब्द बदलणे अवघड वाटत नाही.

निराशेविषयीही लिहायला हवे, कारण तुमच्या पत्राचा शेवटचा परिच्छेद त्यानेच भरलेला आहे. आपल्याबरोबर सुरुवात केलेल्या दोघांची गाणी लोकांच्या तोंडी आहेत आणि आपले कोणाला ठाऊक नाही, असे तुम्ही लिहिले आहे. मलाही तिसऱ्या वर्षी असे वाटले होते, आणि मी चार महिने एक ओळही लिहिली नाही. त्या काळात एका ज्येष्ठ वादकांकडे मी नुसती ताल समजून घ्यायला जात असे. हातावर टाळी-खाली देत रूपक, दादरा, केरवा मोजायचे, बस एवढेच. लिहिण्याचे ओझे नव्हते, म्हणून ऐकणे पहिल्यांदा नीट झाले. परत लिहायला बसले तेव्हा शब्दांच्या आधी वजन ऐकू येऊ लागले होते. लेखन थांबलेले असताना गाण्याशी असलेले नाते थांबवायचे नसते, एवढे मी त्यातून शिकले. तुम्हालाही पुढचे दोन महिने नवे गाणे न लिहिण्यास सांगताना माझ्या मनात हेच होते.

राहिला तुमचे नाव नसलेल्या गाण्याचा विषय. तो शेवटी घेतला आहे, कारण त्यावर विचार करत बसण्यासारखे काही नाही, काम करण्यासारखे आहे. तुम्ही लिहिले आहे, की संगीतकारांशी संबंध बिघडतील म्हणून गप्प राहिलात. माझ्या पहिल्या प्रसिद्ध गाण्याच्या बाबतीत मीही अशीच गप्प राहिले होते. ते गाणे पुढे बरेच वाजले, आणि माझ्याकडे ते माझे असल्याचा एकही कागद नव्हता. रचना लिहून झाली की तिच्यावरचा हक्क आपोआप निर्माण होतो, त्यासाठी नोंदणीची अट घालता येत नाही, हे तत्त्व बर्न करारात, म्हणजे रचनाकारांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात, १९०८ च्या दुरुस्तीने आले. हा करार १८८६ सालचा असून आज १८० हून अधिक देश त्यात आहेत. त्याच कराराच्या १९२८ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट मान्य केली: आर्थिक हक्क दुसऱ्याला दिले असले, तरी ही रचना माझी आहे असे सांगण्याचा कर्त्याचा हक्क शाबूत राहतो. म्हणजे तुम्ही मानधन घेतले म्हणून तुमचे नाव विकले गेलेले नाही. नाव मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे, आणि भांडण तर मुळीच नव्हे.

दहापैकी सात-आठ वेळा, निदान माझ्या अनुभवात, असे नाव कोणी मुद्दाम गाळलेले नसते. गाणे अपलोड करणाऱ्याकडे माहितीचा जो तक्ता असतो त्यातला गीतकाराचा रकाना रिकामा राहतो आणि नंतर कोणी मागे वळून पाहत नाही. ती माहिती प्रसिद्धीनंतरही ज्या डिस्ट्रिब्युटरमार्फत गाणे गेले त्याच्याकडून दुरुस्त करता येते. संगीतकारांना एक लहान, सौम्य पत्र लिहा. गाण्याचे नाव, प्रसिद्धीची तारीख, तुम्ही शब्द पाठवले त्या दिवसाचा संदेश, आणि गीतकार म्हणून तुमचे नाव जसे हवे तसे, शुद्धलेखनासह. त्याच पत्राला स्प्लिट शीटचा एक पानी कागद जोडा: रचनेत शब्दांचा वाटा किती, चालीचा किती, आणि दोघांच्या सह्या. अनेक ठिकाणी हा वाटा निम्मा-निम्मा धरतात, पण तो बोलून ठरवावा लागतो आणि गाणे चालायला लागण्याच्या आधी ठरवलेला बरा. उरलेल्या तीन ध्वनिमुद्रित गाण्यांसाठीही असेच कागद तयार करा. पुढच्या वर्षीच्या वीस गाण्यांपैकी प्रत्येकाच्या बाबतीत हा कागद ध्वनिमुद्रणाच्या दिवशी, स्टुडिओतून निघण्यापूर्वी सही होऊ द्या. पहिल्या दोन वेळा ते मागताना संकोच वाटेल, तिसऱ्या वेळी समोरचाच तो पुढे करेल. पहिले पत्र मात्र या आठवड्यातच पाठवा.